दोन आवाजांचा डबा

मी गिटार घेऊन एकटा दिसलो की लोक आधी विचारतात, "वहिनी नाहीत?" वहिनी आहेत. घरात आहेत, स्वयंपाकघरात आहेत, सकाळचा पेपर माझ्या आधी वाचून त्यातलं शब्दकोडं सोडवून ठेवतात. फक्त गात नाहीत. हे प्रत्येकाला रस्त्यात थांबून सांगायचा मला कंटाळा आलाय, म्हणून इथे एकदाच सांगून टाकतो.

दीड वर्षापूर्वी तिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. डॉक्टरांनी आधीच कागदावर चित्र काढून समजावलं होतं, की आवाजाची नस गाठीला लागूनच जाते, ती दुखावू शकते. ती दुखावली. कुणाचा दोष नाही. गाठ साधी निघाली, आम्ही देवापुढे साखर ठेवली आणि आवाज येईल हळूहळू असं म्हणत घरी आलो. बोलण्यापुरता आला, पण शेजारच्या खोलीतून हाक मारली तर ऐकू येत नाही इतकाच. इथे हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत ती सव्वीस वर्षं कन्नड शिकवत होती. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचेना, तेव्हा तिने नोकरी सोडली. गाणं सोडलं असं मात्र ती कधी म्हणाली नाही. ते न बोलता सुटलं.

आणि मी एकटा पडलो. हे म्हणायला लाज वाटते, कारण आवाज गेला तिचा आणि रडगाणं माझं. पण पडलो, त्याला काय करू? मुलगी हैदराबादला, घरात आम्ही दोघं. पूर्वी संध्याकाळचा चहा झाला की आम्ही पुढच्या खोलीत बसायचो, मी गिटार, ती वही. आता चहा झाला की ती आत जाते. मी गिटारच्या तारा लावतो, लागल्या की पुन्हा खोळ घालून ठेवतो. असं किती दिवस चाललं ते मला माहीत आहे, पण सांगत नाही.

आमच्या गाण्याची रीत वेगळी होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं घराणं हुबळीतलं, कापडाच्या दुकानाचं. तीन पिढ्यांपूर्वी कोल्हापूरकडून आलेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड. ती धारवाडची, वकिलाची मुलगी. मराठीच, पण कन्नड अशी बोलायची की कन्नड माणसांनी वही काढावी. आमच्या लग्नातच निम्मा मांडव मराठी आणि निम्मा कन्नड होता. मराठी गाणं म्हटलं तर निम्मे लोक जेवणाकडे बघणार, कन्नड म्हटलं तर उरलेले. त्यातून आम्ही एक तोडगा काढला. मी मराठीत विचारायचं आणि तिने कन्नडमध्ये उत्तर द्यायचं. शब्द आमचेच, चालही आमचीच, फार थोर वगैरे काही नाही. पण रिसेप्शनला, बारशाला, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावणी यायची. बावीस वर्षं आली.

सगळ्यात जास्त मागणी दाराच्या गाण्याला. त्यात मी विचारायचो, "निघालीस तर सांग मला, येशील कधी परतून?" आणि ती म्हणायची, "बर्तीनी, बागला तगदिडु." येते मी, दार उघडं ठेव. एवढंच. दुसऱ्या कडव्यात हाच शेवटचा शब्द ती लांबवायची. किती लांबवायचा हे ठरलेलं नव्हतं, त्या दिवशी तिच्या मनात येईल तितका. मी गिटारवर तोच तोच स्वर वाजवत तिच्याकडे बघत राहायचो. संपलं की ती डावी भुवई उचलायची, मग मी पुढची ओळ घ्यायचो. ती कायम माझ्या डाव्या हाताला उभी. बावीस वर्षं मी श्वाससुद्धा तिच्या ओळीत घेतला. एकट्याने गाणं सलग म्हणायची मला सवयच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

तर मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. वार्षिक संमेलन आहे, वीस मिनिटं तुमची. मी म्हटलं, ती गात नाही. ते म्हणाले, "माहीत आहे हो. तुम्ही एकटे गा की." त्या 'की'ने माझं डोकं फिरलं. एकटे गा की, म्हणजे काय घरचा चहा आहे? आणि रागाच्या भरात मी हो म्हणालो. माझा राग असाच आहे, नाही म्हणायचं असतं तेव्हा हो म्हणतो. फोन ठेवल्यावर बघितलं तर ती दारात उभी. "हो म्हणालात?" तिने विचारलं. मी मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या 'बरं झालं'चा अर्थ लावत मी दोन दिवस काढले. मला एवढंच ठाऊक होतं की यावेळी जमलं नाही तर गिटारची खोळ मी परत उघडणार नाही. आणि जमलं तर तिच्यावाचूनही चालतं असं होईल. दोन्हींची भीती वाटत होती.

मी तारिहाळला एका कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये तीस वर्षं काढली. माप घेतल्याशिवाय मी भाजीसुद्धा घेत नाही, असं ती म्हणायची. त्यामुळे एकट्याने गायला काय लागतं याचा मी कागदच केला. आवाज हॉलमध्ये कोरडा पडतो, त्याला घुमारा हवा. गिटार पातळ वाजते, तिला भर हवा. हे सगळं करणारे डबे मिळतात, पायाने दाबायची यंत्रं; माइक आणि गिटार एकाच डब्यात जावेत, कारण दोन डबे सांभाळायला मला दोनच पाय आहेत आणि त्यातल्या एकावर उभं राहायचं असतं. कागदाच्या तळाशी मी पेन्सिलीने लिहिलं, 'दुसरा आवाज'. मग खोडलं. खोडलेलं दिसत होतं.

वाद्यांचं दुकान बाजारातल्या एका बोळात आहे. मालक माझ्याच वयाचे, कन्नड. तिकडे सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी आमचं गाणं त्यांच्या भाच्याच्या लग्नात ऐकलेलं. ते काही बोलले नाहीत, वहिनी नाहीत का असंही विचारलं नाही, तेवढ्यावरच मी त्यांना माणूस म्हणून पास केलं. त्यांनी तीन डबे काढून फरशीवर मांडले. वायरी जोडल्या, माइक स्टँडला लावला आणि म्हणाले, वाजवा.

मी चप्पल काढली. ते बघत राहिले. मी सांगितलं, आमच्या स्टेजवर समई असते, देवीचा फोटो असतो. चप्पल घालून चढलं तर कार्यक्रम होईल, पण पुढच्या वर्षी बोलावणं येणार नाही. हे डबे सगळे पायाने दाबायचे. ज्याने कुणी ते बनवलेत त्याने बूट घातलेला माणूस डोळ्यांपुढे ठेवलेला. पहिल्या डब्याची बटणं लोखंडी आणि टोकदार, दोनदा दाबली तर टाचेत कळ आली. वर दोन बटणं इतकी जवळ की माझा अंगठा एकावर ठेवला की करंगळी दुसऱ्यावर. घुमारा मागितला तर दुसरंच काहीतरी सुरू व्हायचं. अण्णा खाली बसून माझ्या पायाकडे बघत होते. "पाय लहान करता येत नाही," ते म्हणाले, "डबा बदलू."

दुसरा डबा बरा होता. घुमारा छान, गिटारचा आवाज गोल, बटणं रुंद. त्यात आणखी एक सोय होती, वाजवलेला तुकडा तो पकडून ठेवायचा आणि फिरवून फिरवून वाजवत राहायचा. मी चार मात्रांचा तुकडा दिला. डबा वाजवू लागला आणि मी हात खाली सोडून ऐकत बसलो. माझीच गिटार, मी न वाजवता. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, असं मला घरी रोज मिळतं, आवाज येतो आणि माणूस नसतं. अण्णांना ते कळलं की नाही कोण जाणे, त्यांनी तो बाजूला ठेवला.

तिसऱ्यात दुसरा आवाज होता. तुम्ही गायचं, डबा गिटार ऐकून पट्टी ओळखतो आणि तुमच्याच आवाजातून वरचा एक स्वर काढून जोडतो. दोन माणसं गातायत असं वाटतं. एक गोल खुंटी होती, ती फिरवली की तो दुसरा आवाज जाड होतो नाहीतर बारीक. अण्णांनी ती बारीककडे फिरवली. मी दाराचं गाणं धरलं. "निघालीस तर सांग मला," म्हटलं आणि माझ्या वरून एक बाई तेच म्हणाली. हुबेहूब नाही, पण बाई. माझ्या हातावर काटा आला. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या आवाजाला सोबत मिळाली होती.

मग दुकान गप्प झालं. गिटार चालू होती, बाकी काही नाही. "याक्री सर, निल्लिसिद्री?" अण्णांनी विचारलं. का थांबलात? मी बघितलं तर मी माइक सोडून डावीकडे तोंड करून उभा होतो. तिथे ढोलक्यांचं कपाट होतं. तिची ओळ होती ती, मी थांबणारच. आणि मी थांबल्यावर डबाही थांबला होता. मी गप्प तर तो गप्प. तो माझाच प्रश्न दोन आवाजांत विचारू शकत होता, उत्तर त्याच्याकडे कुठलं असणार?

एवढं लख्ख दिसूनही मी तोच डबा घेतला. इन्स्पेक्शनमध्ये असा माल मी परत पाठवला असता. घरी येताना मनाशी म्हणत होतो, घुमारा चांगला आहे, बटणं रुंद आहेत, पायाला लागत नाहीत. कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. माणूस स्वतःला फसवायचं ठरवतो तेव्हा कागद फार उपयोगी पडतो.

ती दर गुरुवारी दुपारी धारवाडला तिच्या अक्काकडे जाते. डबा मी कपाटाच्या वर सुटकेसमागे ठेवला आणि गुरुवारी काढायला लागलो. लपवाछपवी करायचं माझं वय नाही, पण दाखवायची छातीही नव्हती. तीन गुरुवार मी त्या खुंटीवर घालवले. थोडी बारीक, थोडी कमी, घुमारा वाढव, घुमारा उतरव. तिचा आवाज तसा फार बारीक नव्हता, मधेच एक खरखर होती, सकाळी उठल्यावर असते तशी. डब्यात खरखरीचं बटण नव्हतं. तिच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे, कुणाच्या तरी रिसेप्शनचं, आणि त्यात तिच्यापेक्षा ताटवाट्यांचा आवाज जास्त. ते कानाला लावायचो, मग खुंटी फिरवायचो. तिसऱ्या गुरुवारी एका ओळीत, एकाच शब्दावर, ती आली. म्हणजे मला वाटलं आली. मी तोच शब्द दहा-बारा वेळा म्हटला.

आणि वर बघितलं तर ती दारात. अक्काला बरं नव्हतं म्हणून लवकर परतली होती. चपला काढून उभी, पिशवी हातात. किती वेळ उभी होती विचारायचा मला धीर झाला नाही. ती आत गेली, पिशवी ठेवली, चहा टाकला. मी डबा बंद करायचं बटण विसरलो आणि नुसताच वायरी उपटत बसलो. ती दोन कप घेऊन बाहेर आली आणि खुर्चीवर बसली, त्याच खोलीत, दीड वर्षानंतर.

"ही कोण?" तिने विचारलं.

"यंत्र आहे."

"माझ्यासारखी करायला गेलात?"

चहा भाजेल इतका गरम होता, तरी घोट घेतला.

"माझं नाक एवढं चोंदलेलं नव्हतं," ती म्हणाली.

मला हसू आलं, तिलाही. तिचं हसू आता आवाजाविना येतं, नुसते खांदे हलतात. मग खांदे थांबले आणि ती म्हणाली, "जिन्यात वाटलं तुम्ही कुणा बाईला घेऊन गाताय. वाईट वाटलं मला. मग वाटलं, घेतली असती तर बरं झालं असतं. माणूस तरी असतं." बोलताना तिला मधे मधे थांबावं लागतं, वारा कमी पडतो. मी तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबलो. एरवी मी थांबत नाही.

तिथेच गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मला सिद्ध करायची खोड. मी म्हटलं, ऐक तर खरं, आणि वायरी परत जोडल्या. प्रश्न म्हटला. उत्तराची जागा आली. तिच्यासमोर ती जागा रिकामी सोडवेना, म्हणून मीच म्हणालो, "बर्तीनी, बागला तगदिडु," आणि डब्यातली बाईही वरून म्हणाली. आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी कन्नड बोलावं तसं कोरडं निघालं माझ्या तोंडून.

तिने कप खाली ठेवला. "माझी ओळ तुम्ही म्हणू नका," ती म्हणाली. "आणि ह्या डब्यालाही म्हणायला लावू नका."

"मग काय करू?"

"ते तुम्ही बघा."

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला कळतं. मी म्हणालो, "तू गाणार नाहीस, मी म्हणायचं नाही, मग काय पुरून टाकू ते गाणं?" आवाज चढवून म्हणालो. ज्या माणसाला आवाज चढवता येत नाही त्याच्यापुढे आवाज चढवायला काही लागत नाही. ती उठली, दोन्ही कप घेतले, विसळले, आणि चार दिवस बोलली नाही. ती आधीच एवढं कमी बोलते की फरक कळायला मला एक दिवस लागला. पण कळल्यावर घर खायला उठलं. मी उणकलच्या तळ्याला रोज एक फेरी मारतो, त्या चार दिवसांत तीन तीन मारल्या. तळ्याकाठी बाकावर बसून मी पहिल्यांदा ते रिकामं उत्तर मनात धरून बघितलं. नुसती गिटार, आणि कुणी नाही. चार मात्रा सरता सरेनात.

पाचव्या दिवशी तिने विचारलं, "चटणीत मीठ बरं आहे?" मी म्हटलं बरं आहे. नव्हतं.

संमेलनासाठी मी दाराचं गाणं काढूनच टाकलं. दुसरी तीन बसवली, ज्यांत मी सलग गाऊ शकेन. शेवटच्यात लोकांना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात म्हणून दुसरा आवाज ठेवला, पण खुंटी मधोमध केली. बाई नाही, बुवा नाही, नुसता आणखी एक मी. ती म्हणाली तसं नाक चोंदलेलं राहू दे. निघताना तिला विचारलं, येणार का? "बघते," ती म्हणाली. मी शर्ट घालून आलो तर ती गळ्याभोवती ओढणी घेऊन तयार होती. व्रण झाकायला ती ओढणी घेते.

हॉल शहरात होता, संध्याकाळी साडेपाचची वेळ. मी चपला पायरीशी काढल्या, समईला नमस्कार केला, डबा पायाशी ठेवला. पहिली दोन गाणी बरी झाली. घुमारा होता, गिटारला भर होता, श्वास एकदाच तुटला. तिसऱ्याला अंगठ्याने बटण दाबलं, दुसरा आवाज आला, लोकांनी टाळ्या धरल्या. पोरंबाळं खुर्चीवर उभी राहिली. मला बरं वाटलं, आणि तेवढंच वाईट वाटलं. ती तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. टाळ्या वाजवत होती.

खाली उतरणार तोच सेक्रेटरींनी दुसरा माइक घेतला. "सर, दाराचं गाणं झाल्याशिवाय सोडणार नाही. इथं निम्म्या लोकांच्या लग्नात झालंय ते." हॉलमध्ये हो हो झालं. मी तिच्याकडे बघितलं. तिने काही केलं नाही. नको म्हणून मान हलवली असती तर मी घसा धरल्याचं सोंग केलं असतं, पण तिने मान हलवली नाही. मी अंगठ्याने बटण दाबून दुसरा आवाज बंद केला. वाकून, डब्यावरचा त्याचा दिवा विझलाय ना ते बघितलं.

"निघालीस तर सांग मला, येशील कधी परतून?" म्हटलं आणि थांबलो. गिटार चालू ठेवली. मान सवयीने डावीकडे वळली, तिथे समई आणि तिच्यापलीकडे भिंत. हॉल शांत झाला. मागून कुणीतरी हळू आवाजात शब्द सांगितला, भला माणूस, त्याला वाटलं मी विसरलो. मी तिसऱ्या रांगेत बघितलं. तिचे ओठ हलत होते.

आवाज नव्हता. शेजारच्या बाईलाही ऐकू आलं नसेल, ती बाई माझ्याकडेच बघत होती. पण ओठ माझ्या गिटारच्या लयीत हलत होते, शब्दाला शब्द, आणि ओळ संपल्यावर डावी भुवई वर गेली. मी पुढची ओळ घेतली. कशी घेतली ते मला आठवत नाही.

दुसऱ्या कडव्यात पुन्हा थांबलो. पण तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक गृहस्थ फोन आला म्हणून उठले आणि नेमके आमच्या दोघांच्या मधे उभे राहिले. फोन खिशातून निघेना त्यांचा. मला ती दिसेना. मी एक मात्रा थांबलो, दोन थांबलो, लोक चुळबुळले, आणि माझा धीर सुटला. मी पुढची ओळ घेतली आणि गाणं संपवलं. टाळ्या झाल्या. सेक्रेटरी शाल घालताना कानाशी म्हणाले, "मधे शब्द विसरलात होय? चालायचंच, वय झालं आपलं." मी हो म्हणालो. त्यांना काय सांगणार?

परत येताना गिटार तिच्या पाठीला, डबा माझ्या पायाशी स्कूटरवर. हेल्मेट मी हँडलला अडकवलं. पोलिसाने धरलं असतं तर धरलं असतं, हेल्मेटमधून मला तिचं बोलणं ऐकू येत नाही. उणकलच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली.

"दुसऱ्या वेळी लवकर आलात," ती म्हणाली. "माझी ओळ व्हायची होती."

"दिसत नव्हतीस मला."

"मी म्हणत होते."

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे वाक्य मी सहसा म्हणत नाही. "आता म्हण."

तिने म्हटली. आवाज नव्हताच, नुसता गरम श्वास कानाला लागत होता, शब्दाशब्दाला थांबत. शेवटचा शब्द तिने लांबवला, श्वास पुरेना तेव्हा घेतला आणि पुन्हा लांबवला. दिवा हिरवा झाला. मागून एक हॉर्न वाजला, मग दोन-तीन. एक रिक्षावाला बाजूने जाताना कन्नडमध्ये माझी अक्कल काढून गेला. मी दोन्ही पाय खाली टेकून आरशात बघत राहिलो. तिची भुवई वर गेली, तेव्हा गाडी काढली.